पृथ्वीच्या दोन गोलार्धांचें चुंबकत्व

शाळेच्या भूगोलांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचें जें चित्र असतें तें मोठें सुबक असतें. पृथ्वीच्या पोटांत जणूं एक लोहचुंबक ठेविला आहे, त्याचीं टोकें दोन बाजूंस समोरासमोर आहेत, आणि उत्तर गोलार्धाला आरसा दाखविला कीं दक्षिण गोलार्ध दिसावा, अशी ती कल्पना. निसर्गानें मात्र इतकी टापटीप राखिलेली नाहीं.

प्रथम ध्रुवांकडेच पाहावें. मोकळी टांगलेली चुंबकसूची जेथें अगदीं उभी राहते, तो चुंबकीय ध्रुव. उत्तरेचा ध्रुव जेम्स क्लार्क रॉस यानें १ जून १८३१ रोजीं कॅनडाच्या उत्तरेस गांठला. दक्षिणेकडे एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन व ॲलिस्टर मके हे तिघे जड घसरगाडी स्वतः ओढीत १६ जानेवारी १९०९ रोजीं पोंचले. तेव्हांपासून दोन्ही ध्रुव सरकतच आहेत, परंतु एका चालीनें नव्हे. उत्तरेचा ध्रुव सैबेरियाच्या रोखानें जात असून भौगोलिक ध्रुवापासून अवघ्या चार अंशांवर आहे. दक्षिणेचा ध्रुव भूखंड सोडून समुद्रांत उतरला असून आपल्या भौगोलिक ध्रुवापासून सुमारें २६ अंश दूर आहे.

याचें कारण असें कीं, पृथ्वीच्या पोटांत खरा लोहचुंबक नाहींच. सुमारें २,९०० किलोमीटर खोलीखालीं वितळलेल्या लोखंडाचा जणूं महासागर आहे. त्याच्या खळबळीनें विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व त्यांतून हें चुंबकत्व निर्माण होतें. ही खळबळ सर्वत्र सारखी नाहीं. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांच्या दरम्यान चुंबकीय बल ६०,००० नॅनोटेस्लांच्याहि वर जातें. तर दक्षिण अमेरिकेवर तें जेमतेम २२,००० उरतें. ब्राझीलपासून दक्षिण अटलांटिकपर्यंतच्या या दुबळ्या प्रदेशावर विद्युत्भारित कण अधिक खालीं उतरतात. तेथून जातांना हबल दुर्बिणीला आपलें निरीक्षण थांबवावें लागतें.

वातावरणाच्या वरच्या थरांतहि हा भेद उमटतो. सूर्याच्या तीव्र किरणांनीं तेथील हवा विद्युत्वाहक बनते, आणि सूर्याकडून येणारी शक्ति चुंबकीय ध्रुवांच्या परिसरांत उतरते. दक्षिणेचा चुंबकीय प्रदेश पृथ्वीच्या अक्षापासून अधिक दूर असल्यामुळें तो रोज मोठें वर्तुळ काढतो. म्हणून त्याच्यावरील ऊन व अंधार यांत दिवसभरांत अधिक फेरफार होतो. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे दक्षिणेच्या उन्हाळ्यांत. त्या वेळीं मिळणारा प्रकाश जुलैपेक्षां सुमारें सात टक्के अधिक असतो.

असें असतां दक्षिणेकडे इतकी वर्षें दुर्लक्ष कां झालें? तेथें जमीन थोडी, समुद्र फार, म्हणून वेधशाळाहि थोड्या. एका ठिकाणच्या चिकाटीच्या नोंदींचें मोल मुंबईकरांस सांगावयास नको. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेनें टिपून ठेविली, आणि विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव होणार हें ओळखून १९०४ सालीं हें काम अलिबागेस सुरू झालें. दक्षिण गोलार्धाच्या बहुतेक भागाच्या वांट्यास असें भाग्य आलें नाहीं. उत्तरेंत दिसलें तेंच तिकडे घडत असेल, असें गृहीत धरण्यांत आलें.

नोव्हेंबर २०१३ मध्यें युरोपीय अवकाश संस्थेनें सोडलेल्या ‘स्वॉर्म’ नांवाच्या तीन उपग्रहांनीं या समजुतीस धक्का दिला. सूर्याकडून येणारी विद्युच्चुंबकीय शक्ति उत्तरेकडे अधिक उतरते, असें त्यांच्या मोजणींतून दिसलें. हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच एका वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा बंद पाडला व सुमारें साठ लक्ष लोक कित्येक तास अंधारांत राहिले. एका गोलार्धाचें माप दुसऱ्यास लावून अशा संकटाचा अंदाज बांधला, तर तो चुकणारच. पृथ्वी एक असली तरी तिचीं दोन अंगें निराळीं आहेत. आणि ज्या अंगास ती निराळी वाटते, तेथें जाऊनच ती मोजली पाहिजे.