जुन्या पिकअपला इंजिन कुठलं?



मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर भागात संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्यावर किंवा गोठ्यामागं एखादी जुनी महिंद्रा पिकअप उभी दिसते. टायर मातीत रुतलेले, ताडपत्रीच्या चिंध्या झालेल्या, पण चॅसी ठणठणीत. घरातल्या पोराला ती पुन्हा चालू करायची असते. मग चर्चा रंगते. कुणी म्हणतो क्वालिसचं इंजिन टाक, कुणी म्हणतो बोलेरोचं, कुणाला दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातून आलेलं टोयोटाचं हवं. हॉर्सपॉवरची बोली लागते. माझ्या मते हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघावी. आधी मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, बघावी, आणि त्याच्याही आधी आरसी बुक.

बसक्या नाकाची एफसी-१५० घ्या. साठच्या दशकात महिंद्रानं विलीज कंपनीच्या परवान्यावर ती बनवायला घेतली. तिच्यात जीपचंच हरिकेन पेट्रोल इंजिन होतं: चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, पंचाहत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. या गाडीला पुढं बॉनेट नाही. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे, पत्र्याच्या पेटीखाली बसतं. म्हणून टेप घेऊन पहिलं माप त्या पेटीच्या उंचीचं घ्या. उंच डिझेल इंजिन आत बसवायला पेटी कापली, की मे महिन्यात पांढुर्ण्याहून नागपूरला जाताना धग आणि धडधड थेट मांडीशी येते.

आता क्राउन-पिनियन. या गाड्यांचं गुणोत्तर बहुधा ५.३८. म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट पाच वेळांहून जास्त फिरतो. हरिकेन इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेतं, त्यामुळं कागदावर तरी गाडी ताशी शंभरच्या आसपास जाते. महिंद्राचं नंतरचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल, ज्याला मिस्त्री नुसतं ‘डीआय’ म्हणतात, तीन हजारांच्या पुढं फार ताणू नये. त्याच क्राउनवर ते टाकलं तर पंचाहत्तरच्या आसपास गाडी कण्हायला लागते. रामाकोन्याहून सिल्लेवानी घाट चढायला ते उत्तम, पण सपाट रस्त्यावर मागचा टिप्पर हॉर्न देत बसतो. याउलट प्यूजोचं एक्सडीपी डिझेल, २११२ सीसीचं, साडेचार हजारांपर्यंत फिरतं. जुना क्राउन त्याला मानवतो. मात्र त्याला ग्लो प्लग लागतात, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीत डिसेंबरची पहाट म्हणजे प्लग धड नसले तर बॅटरी संपेस्तोवर सेल्फ मारणं आलं. डीआयला ती कटकट कमी.

डीआयबद्दल एक गंमत सांगतो. त्याचा बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. हे आकडे असे वेडेवाकडे का? कारण ते मुळात इंचांतले आहेत, साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल कंपनीच्या बी-४१४ ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचं माप हेच, म्हणून दोघांचे सीसीही सारखेच, २५२३. म्हणजे शेतात नांगर ओढणाऱ्या इंजिनाचाच हा चुलतभाऊ. सावनेर-वरुडपर्यंतच्या कुठल्याही ट्रॅक्टर मिस्त्र्याचा हात त्यावर बसलेला असतो, हे मला टोयोटाच्या पंधरा-वीस जास्तीच्या हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचं वाटतं. टोयोटाचं इंजिन गोड चालतं, वादच नाही. पण तोडणीच्या हंगामात त्याचा फ्युएल पंप बिघडला, तर कॅरेट धुऱ्यावर आणि तुम्ही नागपुरात.

डिझेलचं वजन पुढच्या पाट्यांवर पडतं, रेडिएटर अपुरा पडतो, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला हौसिंग नवं लागतं. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत. डिझेल टाकलं की ते पहिल्याच पावसात निमूट उभे राहतात. विजेची मोटर बसवून घ्या.

आता आरसी बुक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकानं गाडीत करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. गॅरेजवाला ‘सब चलता है’ म्हणेल, पण अपघात झाला तर इंजिन नंबर विमा कंपनी तपासते, गॅरेजवाला नव्हे. सीमेवरच्या आपल्या भागात आणखी एक गुंता असतो. गाडी बरेचदा महाराष्ट्रात नोंदलेली असते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर ना-हरकत दाखला आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो.

२०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. पण अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, आणि अशा गाडीनं धंदा करता येत नाही. हौसेसाठी गाडी ठेवणाऱ्यानं डिझेल टाकलं, की ही वाट बंद.

म्हणून माझा सल्ला जरा रुक्ष आहे. ब्लॉक तडकलेला नसेल तर जुनंच हरिकेन बांधून घ्या. बोअर करा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट बदला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, त्यामुळं पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही नवा घाला. ब्लॉकच गेला असेल तर त्याच जातीचं दुसरं इंजिन शोधा. त्याचा नंबर आणि खरेदीची पावती घेऊन आधी परिवहन कार्यालयात जा, लेखी मंजुरी घ्या आणि मगच मिस्त्र्याला बयाणा द्या. आणि संत्री रोजच वाहायची असतील, तर त्या कामासाठी सरळ दुसरी पिकअप घ्या.