कुरणातलं नत्र



चरणाऱ्या गाईचं मूत जिथं पडतं, तिथं थोड्या दिवसांनी गवताचा हिरवागार पुंजका उठून दिसतो. शिक्षकबंधूंनी मुलांना माळावर नेऊन तो जरूर दाखवावा. शेतीरसायनाचा पहिला धडा तिथंच आहे.

गाय जे गवत खाते, त्यातलं बरंचसं नत्र मूत्रावाटे जमिनीत परत येतं. पण येतं ते एकाच ठिकाणी. हिशेब मांडला तर तेवढ्या जागेपुरतं हे प्रमाण हेक्टरी ७०० ते १००० किलोंपर्यंत जातं. इतकं नत्र गवताला पचणार कसं?

मूत्रातल्या युरियापासून आधी अमोनियम तयार होतं. ते मातीच्या कणांना धरून राहतं. मग जमिनीतले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. मोठा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली झिरपतं. गवताचा घास जातो, आणि तेच नायट्रेट विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं आपल्याकडचं मानक आहे. जास्त झालं तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते.

न्यूझीलंडमध्ये गाई बहुतेक ठिकाणी बाराही महिने कुरणातच असतात. तिकडे हिवाळा जून ते ऑगस्टचा. त्या दिवसांत पाऊस असतो, पण थंडीनं गवत वाढत नाही. म्हणून नत्र वाहून जातं. यावर तिथल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी डायसायनडायमाइड, म्हणजे डीसीडी, हे द्रव्य वापरून पाहिलं. ते जीवाणूंना मारत नाही, त्यांचं काम काही काळ मंदावतं. तेवढा वेळ नत्र मातीत थांबतं, वसंतात गवताला मिळतं. हेक्टरी सुमारे १० किलो डीसीडी शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्यात फवारीत. २००४ च्या सुमारास ते बाजारात आलं. नायट्रेटची गळती चांगलीच घटली. गवताची वाढ मात्र कुठं भरघोस, तर कुठं जेमतेम, असा अनुभव आला.

पुढं दुधाच्या भुकटीत डीसीडीचे अंश सापडले. प्रकृतीला धोका नाही, असं तिथल्या सरकारनं सांगितलं. पण अन्नात ते किती चालावं याची आंतरराष्ट्रीय मर्यादाच ठरलेली नव्हती. तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये खत कंपन्यांनी विक्री थांबवली. कुरणावर जे टाकाल ते गाईच्या पोटात जाणार, आणि तिथून दुधात यायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे हेच काम कडुलिंब थोडंफार करतो. निंबोळी पेंड युरियात कालवून टाकण्याची रीत तुमच्या ओळखीची आहे. २०१५ मध्ये देशातला सगळा युरिया कडुलिंबाचं तेल लावूनच तयार करावा, असं सरकारनं ठरवलं. पण गोणीतल्या युरियाला तेल लावता येतं, गाईच्या मूताला नाही! तिथं आपणच नजर ठेवायची. जनावरं रोज एकाच जागी बांधू नयेत. गोठ्याचा पाट विहिरीकडे वाहू देऊ नये. ते मूत शेणखताच्या खड्ड्यात, काडीकचऱ्यात जिरवावं. मोठ्या पावसाची चिन्हं असताना युरिया फेकू नये. आणि गोठ्याजवळच्या विहिरीचं पाणी घरातलं तान्हं मूल पिणार असेल, तर ते एकदा तपासून घ्यावं. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या.