बोट ओळखायची की माणूस?

मागच्या बैठकीत आमच्या बचत गटात सागरी सुरक्षेचा विषय निघाला. एकजण म्हणाली, "धक्क्यावर अनोळखी कोणी दिसला की आधी नाव विचारायचं, म्हणजे कळतं." आमची मुसलमान मैत्रीण शेजारीच बसली होती. हप्ता भरून ती लवकर उठून गेली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. म्हणून आज बोलतोय.

दाभोळची, मग बाणकोटची खाडी ओलांडली की श्रीवर्धन तालुका. तिथे शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत सुमारे ९०० मेली होती, त्यांत मुसलमान जास्त. हा देश आमचाच म्हणणारे आणि सूड घ्या म्हणणारे एकमेकांवरच पोसले जातात. श्रीकृष्ण आयोगानेही दंगली आणि स्फोट यांचा संबंध दाखवला. पण माल किनाऱ्याला लागला कसा? लाच देऊन! शिक्षा झालेल्यांत कस्टमवाले आणि पोलीसही होते, आणि ते एकाच धर्माचे नव्हते. नाव विचारून काय कळलं असतं?

हे फक्त धर्माचंच असतं असंही नाही. श्रीलंकेत १९५६ साली फक्त सिंहली ही राजभाषा केली, तमिळ परके ठरले. पुढे त्यांच्या नावाने वाघांनी बंदूक घेतली आणि स्वतःच्याच तमिळांची लेकरंही लढाईत ओढली. राजीव गांधींना मारणारी तर बाईच होती.

२६/११ ला दहाजण 'कुबेर' या मच्छीमार बोटीतून आले. तांडेलालाही मारलं त्यांनी. मुंबईत कफ परेडजवळ ते होडीतून उतरले, तेव्हा तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या बाईने त्यांना पाहिलं होतं. सीएसटीवर गोळ्या खाल्लेल्यांत मुसलमानही होते.

धक्क्यावर पहाटे आपणच असतो, मासळीच्या टोपल्या घेऊन. बोटीचा नंबर नाही, रंग वेगळा, जाळं नाही, रात्रीच माल उतरतोय, हे बघायचं. वेळ लक्षात ठेवायची आणि १०९३ वर फोन करायचा.

परवा आम्ही दोघी तिच्याकडे जाऊन आलो. पुढची बैठक तुझ्या पडवीत घेऊया म्हटलं. तिने चहा दिला. हो मात्र अजून म्हणालेली नाही.