लांडग्यावरचा आळ

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचं मिशिगन राज्य सरोवरांनी दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. खालच्या तुकड्यात डेट्रॉइट, मोटारींचे कारखाने, मक्याची शेतं. वरच्या तुकड्याला ‘अपर पेनिन्सुला’ म्हणतात. तिथे जंगल, तांब्याच्या जुन्या खाणी आणि विरळ वस्ती. दोन्ही तुकडे जोडणारा आठ किलोमीटरचा मॅकिनॅक पूल १९५७ साली खुला झाला. त्याआधी नोव्हेंबरच्या मध्याला फेरीबोटीत जागा मिळावी म्हणून मोटारींच्या मैलोगणती रांगा लागत. १५ नोव्हेंबरला तिथे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. वार कोणताही असो, तारीख तीच. वरच्या भागातल्या कित्येक शाळा त्या दिवशी बंद असतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. ‘शिकारी’ म्हटलं की आपल्यापुढे एक तर संस्थानिकांचे जुने फोटो उभे राहतात, नाहीतर रात्री रानात घुसणारा चोरटा. मिशिगनचा शिकारी यातला नाही. तो सुतार असतो, ट्रक चालवतो, एखादी शाळेत शिकवणारी बाईही असते. आजोबांनी बांधलेल्या लाकडी खोपटात तीन पिढ्या आठवडाभर मुक्काम ठोकतात. परवान्याच्या अटीत बसणारं एक हरीण मिळालं, की वीस-पंचवीस किलो मांस घरच्या फ्रीजरमध्ये जातं आणि हिवाळा निभावतो. हे मांस विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत किंवा अन्नदान करणाऱ्या संस्थेत पोचतं.

हे सगळं ज्या हरणाभोवती फिरतं, ते पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळ-सांबराच्या सारंगकुळातलंच. बिचकलं की शेपटी ताठ उभी करतं, आणि तिची पांढरीशुभ्र खालची बाजू झाडीतून दूरवर दिसते. बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमाराला सगळ्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. एकविसावं शतक उजाडलं तेव्हा ती तीन कोटींच्या आसपास पोचली होती. या पुनरुज्जीवनात शिकाऱ्याचा पैसा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. राज्याच्या वाट्याला किती यावं, हे राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून ठरतं. शिकारी घटले की परवान्याची रक्कम घटते आणि या करातला वाटाही आकसतो. तिथल्या जंगलखात्याची चूल मोठ्या प्रमाणात याच पैशावर पेटते.

शिकारी घटत आहेत, यात शंका नाही. केंद्र सरकारच्या पाहणीत २०११ साली देशात १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६ साली १ कोटी १५ लाख. मिशिगनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीला साडेसात लाखांहून अधिक लोक हरणाच्या शिकारीचा परवाना घेत. आता हा आकडा सहा लाखांच्या आसपास घुटमळतो. म्हाताऱ्यांनी बंदूक खाली ठेवली आणि नातवंडं शहरात गेली, हे त्याचं मोठं कारण. पण अपर पेनिन्सुलात आणखी एक कारण आहे: हंगामभर थंडीत बसून हरीणच दिसत नाही. खालच्या मिशिगनमध्ये हरणं परसबागा फस्त करतात, रस्त्यावर मोटारींना धडकतात. वरच्या भागात मात्र खोपटांना कुलपं लागत आहेत. तिथलं हॉटेल, पेट्रोलपंप, हरीण सोलून मांस करून देणारा खाटीक, सगळ्यांची वर्षाची कमाई हंगामाच्या दोन आठवड्यांवर उभी असते.

हरणं गेली कुठे? खोपटातला शिकारी क्षणाचाही विलंब न लावता सांगतो: लांडग्याने खाल्ली.

त्याची चीड समजण्यासारखी आहे. लांडगे इथून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी ते शेजारच्या विस्कॉन्सिनमधून परतले आणि पुढे सहाशेच्या वर गेले. २०१३ साली मिशिगनने लांडग्याची शिकार खुली केली, त्यात २२ मारले गेले. २०१४ साली राज्याच्या मतदारांनी शिकारीला परवानगी देणारे कायदे फेटाळले. वरच्या भागातल्या माणसाला तो शहरवाल्यांचा निकाल वाटला आणि जखम अजून ओली आहे.

पण आकडे लांडग्याकडे बोट दाखवत नाहीत. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अपर पेनिन्सुलात पाडसांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून वर्षानुवर्षं अभ्यास केला. पाडसं खाणाऱ्यांत लांडग्याचा लहान भाऊबंद कोयोट पहिला निघाला, लांडगा बराच मागे. शिवाय २०११ नंतर लांडग्यांची संख्या जवळपास स्थिर राहिली, तरी २०१३, २०१४ आणि २०१५ चे लागोपाठचे तीन हिवाळे हरणांना आडवं करून गेले. २०१४ च्या मार्चमध्ये पंचमहासरोवरांचा नव्वद टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. पुढचे काही हिवाळे सौम्य गेले, तशी हरणं थोडी सावरली.

सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा इथे अचाट बर्फ ओततो. कीविनॉ भागात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९० इंच पडलं होतं. हरणाच्या पोटापर्यंत बर्फ आलं की ते चालू शकत नाही. म्हणून ही हरणं दरवर्षी कित्येक मैल चालून ठराविक रानात गोळा होतात. तिथे हेमलॉक आणि पांढरा सीडर ही दाट सदाहरित झाडं असतात. बर्फ त्यांच्या फांद्यांवर अडतं, वारा तुटतो, आणि शेकडो खुरांनी तुडवलेल्या वाटा टणक होतात. हरीण तिथे फारसं खातही नाही. अंगातली चरबी जाळत दिवस काढतं. मार्चमध्ये मेलेल्या हरणाचं मांडीचं हाड फोडून जाणकार पाहतात. निरोगी जनावराचा मगज पांढरा, मेणासारखा घट्ट असतो. उपासमारीने मेलेल्याचा लालभडक आणि पातळ, जेलीसारखा.

आता हे आश्रयाचं रानच विरळ झालं आहे. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या पाइनपाठोपाठ हेमलॉक तोडला गेला. त्याची साल चामडं कमावायला लागत असे. तोडलेल्या जागी कोवळा झाडोरा फुटला, त्याच्यावर हरणं वाढली, आणि हिवाळ्यात उपाशी हरणांनी उरलेल्या हेमलॉक-सीडरची रोपं खुडून टाकली. आज कितीतरी ठिकाणी जुनी झाडं उभी आहेत आणि खाली एकही तरुण झाड नाही. सीडरच्या फांद्या तर हरणाचं तोंड पोचेल त्या उंचीवर रेघ मारल्यासारख्या एका पातळीत संपतात. म्हणजे आजच्या टंचाईत कालच्या सुकाळाचाही हात आहे. शिकाऱ्यांच्या सभेत हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण त्यांच्या बाजूच्या माणसाने ते सांगितलंच पाहिजे.

त्यात २०१८ साली डिकिन्सन परगण्यातल्या एका मादीत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ आढळला. हा मेंदू पोखरणारा, हमखास जीव घेणारा रोग. त्याचे प्रथिनकण मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून हरणांना चारा घालून एका जागी जमवणं तिथे आता धोक्याचं मानलं जातं, आणि उपाशी हरणाला जगवण्याचा लोकांना सुचणारा पहिला उपाय हातातून निसटतो.

शिकारी, लाकूड कंपन्या, स्थानिक आदिवासी राष्ट्रं आणि राज्याचं खातं आता एकत्र बसून हरणांच्या हिवाळी रानांसाठी आराखडे करत आहेत: कुठला सीडर तोडायचा नाही, कुठे रोपांना जाळीचं कुंपण घालायचं, कुठे तोड इतकी सावकाश करायची की सावली तुटणार नाही. हेमलॉकचं रोप आश्रय देण्याजोगं व्हायला माणसाचं आयुष्य लागतं. म्हणून बंदुकीच्या कराचा पैसा आणि शिकाऱ्यांची राजकीय ताकद लांडग्याच्या भांडणात खर्ची न पडता या रानांच्या राखणीला लागावी. अपर पेनिन्सुलात शिकाऱ्याइतकी त्या रानांची गरज आणखी कुणाला नाही.