जाळ काय सांगतो



मागच्या सहलीला आपण तीन दगडांची चूल मांडून पिठले-भाकरी केली, तेव्हा धुराने साऱ्यांचे डोळे लाल झाले. मी लाकडे जरा मागेपुढे केली नि जाळ लागला, एवढ्यावरून बाईंनी मला आज बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण माहेर मुळशीकडचे, लहानपण चुलीपुढेच गेले.

लाकूड पेटते असे आपण म्हणतो. खरे तर तापलेल्या लाकडातून वायू निघतो, तो पेटला की जाळ होतो. नुकत्याच विझलेल्या काटकीच्या धुरात पेटती काडी धरून पाहा. पुष्कळदा जाळ धुरावरून काटकीकडे धावत येतो. म्हणजे डोळ्यांत जातो तो धूर हे न जळलेले सरपणच.

जाळ पिवळा दिसतो तो काजळीचे बारीक कण तापून चमकतात म्हणून. दिव्यावर ताटली धरून काजळ पाडतो, तीच ही काजळी. जाळाचा शेंडा पातेल्याच्या बुडाला लागेल न लागेल इतकाच असावा. कडेने वर चढला तर धग वाया जाते नि घासायचे काम वाढते. काळा धूर आला तर चूल कोंबलेली आहे. आपण लगेच फुंकणी उचलतो. त्याआधी एक लाकूड मागे ओढावे, राख काढून वाऱ्याला वाट द्यावी. लाकडाच्या टोकाला फेस येऊन ते फुसफुसले, तर ओले समजावे. चूल फुरफुरली की पाहुणा येणार, असे आजी म्हणे. फटीतून वायू जोराने सुटतो म्हणून ती फुरफुरते, हे कळले तरी मी मूठभर तांदूळ जास्तच घेते!

आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली काढलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘संपदा’ नावाची शेगडी केली. तीत लाकडातला वायू जळतो आणि मागे कोळसा उरतो. या कोळशाविषयीच मला मुख्य सांगायचे आहे.

निखाऱ्यांवर कधी कधी निळसर, नाजूक ज्योती नाचतात. तो कार्बन मोनॉक्साइड वायू जळत असतो. त्यांवर राख धरली की ज्योत जाते, पण वायू येतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. श्वासावाटे तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो.

माझी धाकटी जाऊ बाळंत झाली ते थंडीचे दिवस होते. बाजेखाली शेगडी मीच ठेवली. बाळाला धूर लागू नये म्हणून जाळ पूर्ण बसल्यावर नेली, ओवा टाकला आणि वारा नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या. तासाभराने तिचे डोके ठणकू लागले, ओकारी झाली. वातच झाला असे आम्ही धरले आणि आणखी एक पांघरूण घातले! शेजारच्या काकू आल्या, त्यांनी दार सताड उघडले, शेगडी अंगणात नेली आणि बाळ-बाळंतिणीला बाहेर घ्यायला लावले. दवाखान्यात नेल्यावर दोघे सावरली. तो मुलगा यंदा दहावीला आहे.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. शेकायचे तर गरम पाण्याची पिशवी घ्या. कुणाच्या घरी बाळंतपण असेल तर आजच जाऊन सांगा. सासूबाई ऐकत नसतील तर मला बोलवा, मी येईन.

आणि यंदाच्या सहलीला सरपण दोन दिवस आधी उन्हात टाकायचे आहे. ते कोण करणार, ते आत्ताच ठरवू.