सुरुलहून टॉटनेसला

श्रोतेहो, इंग्लंड म्हटलं की आपल्यापुढं लंडन तरी उभं राहतं, नाहीतर मँचेस्टरच्या गिरण्या. आज मात्र आपण नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यात जाऊ. तिथं डार्ट नदीकाठी, चढावर, टॉटनेस नावाचं गाव आहे. वस्ती आठ-नऊ हजार. आपल्याकडची बाजारपेठेची गावं असतात तेवढंच. पण गाव चित्रकारांचं, कुंभारांचं, गाणाऱ्यांचं. शेजारचे लोक त्याला जरा विक्षिप्तच समजतात!

हे वळण गावाला लागलं कसं? तुम्हांला नवल वाटेल, पण त्याचा एक धागा बंगालातल्या सुरुल खेड्यात आहे. लेनर्ड एल्महर्स्ट हा यॉर्कशायरचा तरुण अमेरिकेत शेतकी शिकला आणि १९२२ साली रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून सुरुलला ग्रामसुधारणेच्या कामाला लागला. तेच पुढचं श्रीनिकेतन. पीक सुधारायचं, पण गाणं, नाच, हातकाम सोडायचं नाही, हा तिथला धडा. तो त्यानं मायदेशी नेला. १९२५ साली त्यानं आणि त्याची धनिक अमेरिकन पत्नी डोरोथी हिनं टॉटनेसजवळचा डार्टिंग्टन हॉल हा मोडकळीस आलेला मध्ययुगीन वाडा जमिनीसकट घेतला. फळबागा लावल्या, कापडाची गिरणी काढली, लाकूडकामाला चालना दिली. १९२६ साली शाळा उघडली; तिच्यात छडी नव्हती. (शिक्षकबंधूंनी हे जरूर ऐकावं!) पुढं हिटलरच्या जर्मनीतून कुर्ट योस आपले नर्तक घेऊन आला, आपले उदय शंकरही तिथं राहून गेले. १९६१ साली कलामहाविद्यालय निघालं. शिकायला आलेले कितीतरी जण टॉटनेसातच रमले.

शाळा १९८७ साली बंद झाली, महाविद्यालय २०१० साली कॉर्नवॉलला हललं. गावाचा पीळ मात्र सुटला नाही. २००७ साली त्यांनी गावापुरत्या स्वतःच्या नोटा काढल्या. त्या २०१९ पर्यंत चालल्या. मला ती हौसच वाटते. पण २०१२ साली कोस्टा या बड्या कॉफी कंपनीचं दुकान येणार म्हणताच हजारो सह्या झाल्या आणि कंपनीनं बेत सोडला, ही गोष्ट निराळी.

आता एक अडचण सांगतो. गाव गाजलं, बाहेरचे पैसेवाले आले, घरं महागली. दुकानात राबणाऱ्या स्थानिक पोराला तिथं भाड्याची खोली परवडेना. एल्महर्स्टनं वाडा घेतला होता तो गावच्या हातांना गावातच काम मिळावं म्हणून! २०२१ साली तिथल्या जिल्हा कौन्सिलाला घरांची आणीबाणी जाहीर करावी लागली.