दोघींची एक खोली



वेश्याव्यवसायाच्या कायद्यावर बोलायला कळंब कशाला, असं काहींनी विचारलं. हा उसाचा मुलूख, शेजारी वालचंदनगर. तो प्रश्न पुण्याच्या बुधवार पेठेचा, मुंबईच्या कामाठीपुऱ्याचा. पण बुधवार पेठेतल्या बाईलाही कुठलंतरी गाव असतं. तिथं आई असते, कधी मूल असतं, आणि तिच्या पैशांवर ते घर चालतं. पैसे कुठून येतात हे घरात कुणी विचारत नाही.

आपला कायदा १९५६ चा. आज त्याचं नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम. पोलिसांच्या तोंडी 'पिटा'. या कायद्यानं धंदा करणं हाच गुन्हा ठरतो, असं आपल्या बाररूममध्येही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, वस्ती-देवळापासून दूर धंदा करत असेल, तर तेवढ्यानं गुन्हा होत नाही. तिच्या भोवतीचं जवळजवळ सगळंच मात्र गुन्ह्यात येतं.

कलम २ बघा. दोघींच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागाही कुंटणखाना ठरते. म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या जाचातून सुटून दोघींनी एक खोली घेतली, भाडं निम्मं निम्मं केलं, की लागलाच पिटा. एकटी राहिली तर कायद्यात बसेल, पण रात्री गिऱ्हाइकानं गळा धरला तर हाकेला कोण येणार? कलम ४ लिहिलं दलालासाठी; शब्दशः वाचलं तर तिच्या कमाईवर शिकणारा अठरा वर्षांपुढचा मुलगा आणि गावाकडची म्हातारी आईही त्यात सापडतात. आणि कलम ८! गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तोच गुन्हा पुरुषानं केला तर फार तर तीन महिने. मसुदा लिहिताना कुणाचीच लेखणी अडखळली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

२००६ च्या दुरुस्ती विधेयकात कलम ८ आणि बाईला हद्दीबाहेर काढणारं कलम २० रद्द करण्याची तरतूद होती. त्याच विधेयकात गिऱ्हाइकाला शिक्षा करणारं नवं कलमही होतं. विधेयक मंजूर न होताच बारगळलं. गिऱ्हाइकाला शिक्षेची वाट स्वीडननं १९९९ मध्ये धरली. न्यूझीलंडनं २००३ मध्ये उलट धंद्यावरचे फौजदारी निर्बंध उठवले. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. गिऱ्हाईक पोलिसाला भिऊ लागलं की ते अंधाराची जागा शोधतं, आणि बाईला तिथं जावं लागतं. अल्पवयीन मुलगी किंवा फसवून, विकून आणलेली बाई असेल, तिथं मात्र मला कसलीही ढिलाई नको. तिथं पिटा अपुरा पडतो, पॉक्सो लावा, मानवी तस्करीची कलमं लावा.

आता आधाराचं. आधार म्हणजे काय, तर छापा घालायचा, बाईला सुधारगृहात न्यायचं आणि शिलाई मशीन पुढ्यात ठेवायचं, ही आपली जुनी रीत. कलम १७ खाली तिला तिथं एक ते तीन वर्षं ठेवता येतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशा तीन सज्ञान तरुणींना मोकळं केलं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सांगितलं, की पोलिसांनी धंदा करणाऱ्या बायकांशी सन्मानानं वागावं, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दाखल्यावर त्यांना आधार कार्ड द्यावं. या शेवटच्या गोष्टीचं मोल मोठं आहे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रेशन नाही, बँकेचं खातं नाही, आणि मग साठवलेला पैसा घरवालीकडेच राहतो. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते आहे. संघटित झालेल्या बायका स्वतःच्या मागण्या स्वतः मांडतात, हे तिथं जाऊन बघावं.

दिल्लीत कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या कायद्यात आपल्या हाती काय आहे ते बघू. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. पिटाच्या कलम १७ च्या चौकशीत दंडाधिकाऱ्याला पाच प्रतिष्ठितांची मदत घेता येते, शक्यतो त्यात तीन बायका असाव्यात, असं कायदाच म्हणतो. इंदापूर आणि बारामतीच्या तालुका विधी सेवा समित्यांनी या बायकांची बाजू मांडायला तयार असलेल्या वकिलांची यादी करून पुण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवावी, असा ठराव मी मांडतो. यादीत पहिलं नाव माझं लिहा. अनुमोदन कोण देतंय?